पिरॅमिडला पूर्ण गुण

शिक्षकांसाठी उपयुक्त ऑनलाइन साहित्याची यादी करणे हे काम ऐकताना निरुपद्रवी वाटते. नागपूरच्या मे महिन्यात, शाळांना सुट्ट्या असताना, आम्ही काही जण एका संगणक कक्षात कूलरच्या घरघरीत बसतो. संकेतस्थळे, व्हिडिओ, पीडीएफ आणि शिक्षकांनी स्वतः तयार केलेली पाने आपापसांत वाटून घेतो आणि वरून आलेल्या तक्त्यात प्रत्येकाचे गुण भरून संध्याकाळपर्यंत यादी रवाना करतो. मी अध्यापक विद्यालयात शिकवते, त्यामुळे या कामासाठी माझे नाव मला न विचारता घातले जाते. बाहेरच्यांच्या लक्षात येणार नाही अशी गोष्ट एवढीच, की साहित्य पूर्ण वाचले जावे अशी कोणाची अपेक्षा नसते. तक्ता पूर्ण भरलेला असावा एवढीच असते. यंदाच्या बैठकीत या तक्त्याने जे केले, ते अजून मनातून जात नाही.

तक्त्यात दहा निकष होते. लेखकाचे नाव दिले आहे का, संपर्काचा पत्ता आहे का, मजकूर शेवटी केव्हा अद्ययावत झाला, जाहिराती आहेत का, शुद्धलेखन कसे आहे, मांडणी आकर्षक आहे का, संदर्भसूची आहे का, संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट काय आहे, असे एकेक. असले तक्ते जगभर वापरले जातात. कॅलिफोर्नियातील चिको येथील विद्यापीठाच्या ग्रंथपाल सारा ब्लेक्सली यांनी २००४ मध्ये विद्यार्थ्यांना माहितीची विश्वासार्हता तपासता यावी म्हणून केलेली प्रश्नावली फार प्रसिद्ध आहे आणि आमच्या तक्त्याची जातकुळी तीच. पत्त्याच्या शेवटाबद्दलचा निकष मला पहिल्यापासून खटकतो. ‘डॉट गव्ह डॉट इन’ हा शेवट सरकारी कार्यालयांनाच मिळतो, हे खरे. पण ‘डॉट ऑर्ग’ कोणीही पैसे भरून घेऊ शकतो, आणि आमच्या तक्त्यात मात्र त्याला ‘संस्थात्मक’ म्हणून दोन गुण जास्त होते. ज्याने हा निकष घातला त्याने स्वतः कधी संकेतस्थळाचे नाव विकत घेतलेले नसावे.

माझ्या वाट्याला आलेल्या साहित्यात एका प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेची देखणी पीडीएफ होती. विषय कृतियुक्त अध्यापन. मुखपृष्ठ, लेखकाचे नाव, दूरध्वनी, चालू वर्षाची तारीख, शेवटी संदर्भसूची, ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. तिसऱ्या पानावर रंगीत पिरॅमिड होता: आपण वाचलेले १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेले २०, पाहिलेले ३०, पाहिलेले व ऐकलेले ५०, स्वतः बोललेले ७० आणि स्वतः केलेले ९०. खाली बारीक अक्षरांत ‘एडगर डेल, १९४६’. ज्यांनी डी.एड. किंवा बी.एड. केले आहे, किंवा गेल्या काही वर्षांत एखादे प्रशिक्षण घेतले आहे, त्यांना हे चित्र परके नसेल. तक्त्याप्रमाणे या पीडीएफला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण पडत होते.

मी थांबले ती त्या आकड्यांपाशी. माणसाच्या स्मरणाची मोजणी केली आणि प्रत्येक वेळी उत्तर दहाच्याच पटीत आले, असे कोणत्या प्रयोगात होते? कोणाला वाचायला दिले, काय दिले, किती दिवसांनी विचारले, यातले काहीही त्या पानावर नव्हते. म्हणून पीडीएफ तशीच ठेवून मी दुसऱ्या खिडकीत डेल यांच्या पुस्तकाची स्कॅन केलेली जुनी प्रत उघडली. एडगर डेल हे ओहायो स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक. दृक्‌श्राव्य साधनांवरील त्यांच्या १९४६ च्या पुस्तकात अनुभवांचा शंकू आहे, तळाशी प्रत्यक्ष हेतुपूर्ण अनुभव आणि शिखरावर शाब्दिक प्रतीके. त्यात टक्के नाहीत. एकही आकडा नाही. अनुभव मूर्ताकडून अमूर्ताकडे कसे जातात हे दाखवण्यासाठी त्यांनी ती आकृती काढली होती आणि तिला काटेकोर नियम समजू नका, असेही बजावले होते. टक्के पुढे चिकटले. १९६७ मध्ये एका दृक्‌श्राव्य विषयाच्या नियतकालिकात ते कोणताही आधार न देता छापले गेले, नंतर कोणीतरी त्यांना डेल यांच्या शंकूवर बसवले आणि तेव्हापासून ते प्रवास करत आहेत. २०१४ मध्ये चार अभ्यासकांनी या आकड्यांचा माग काढून सविस्तर लेखमालाच लिहिली. आकड्यांमागे संशोधन नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे आमच्या पीडीएफने संदर्भसूचीत ज्या पुस्तकाचे नाव दिले होते तेच पुस्तक तिच्या तिसऱ्या पानाला खोटे पाडत होते, आणि संदर्भसूची ‘आहे’ म्हणून तिला पूर्ण गुण होते.

हे मी टेबलाभोवती सांगितले तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांचा मी मनापासून आदर करते, हसून म्हणाले, “मॅडम, हे तं आपण बी.एड.पासून शिकवत आलो ना जी. आता काय साऱ्या जिल्ह्याला सांगता का, टक्के खोटे होते म्हणून?” त्यांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार होता: आकडे चुकीचे असले तरी सल्ला बरोबरच आहे, मुलांना करायला द्या. मला हा मुद्दा मान्य नाही, कारण आकडे सल्ल्यापेक्षा पुढे जातात. आमच्या विद्यालयातील एका छात्राध्यापिकेच्या पाठ टाचणात मी वाचले होते, की वाचनाने १० टक्केच लक्षात राहत असल्याने प्रकट वाचनाचा वेळ कमी करून खेळ घेतला आहे. चौथीच्या वर्गातली मुले अडखळत वाचतात म्हणून आपण चिंता करतो आणि त्याच वर्गातून वाचनाचा वेळ एका रंगीत त्रिकोणाच्या जोरावर काढून घेतो.

जेवणाच्या सुट्टीत जे झाले त्यासाठी खरे तर हा सगळा लेख लिहीत आहे. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बदल्यांबाबतचा एक शासन निर्णय फिरत आला. तेच ज्येष्ठ सहकारी डबा उघडता उघडता मोबाइलवर तो मोठा करून पाहू लागले. बाहेरच्यांसाठी सांगते: शासनाच्या संकेतस्थळावरील प्रत्येक शासन निर्णयावर एक लांबलचक संगणक सांकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस दाखवतात. शेवटचे दोन विभाग सांगतात आणि शालेय शिक्षण विभागाचे ते २१ असतात. सरांनी वरची तारीख पाहिली, खालचा सांकेतांक पाहिला आणि पोळीचा घास हातात धरूनच म्हणाले, “हे जुन्या कागदावर नवी तारीख चढवलेली आहे.” तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शासनाचे संकेतस्थळ उघडून सांकेतांक टाकला, मूळ निर्णय काढला, दोन्हींतली वाक्ये शेजारी ठेवून फरक दाखवला आणि गटावर मूळ प्रत टाकून दिली. कागदाची मांडणी, राजमुद्रा, स्वाक्षरी, भाषा, कशानेही ते फसले नाहीत. कागद कितीही सरकारी दिसला तरी आधी त्याच्या बाहेर जाऊन मूळ पाहायचे, हे त्यांना पाठ होते.

स्टॅनफर्डचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये हेच मांडले होते. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळणी करणारे आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली. विद्यार्थीच काय, पीएच.डी. झालेले इतिहासकारही सुबक मांडणी आणि अधिकृत वाटणारी नावे पाहून फसले, कारण ते त्याच पानावर वरून खाली वाचत राहिले. तथ्यपडताळणी करणारे मात्र क्षणभर पान पाहून लगेच नव्या खिडक्या उघडत आणि इतर लोक त्या पानाविषयी काय म्हणतात ते पाहत. आमच्या सरांनी बदल्यांच्या कागदाबाबत नेमके तेच केले होते, आणि पिरॅमिडबाबत नेमके उलटे. शिक्षकांना पडताळणी येत नाही, त्यांना प्रशिक्षण द्या, असे म्हणणाऱ्यांनी एकदा बदल्यांच्या मोसमात शिक्षकांचा कोणताही गट पाहावा. येते, उत्तम येते. ज्याच्या चुकीची किंमत स्वतःला मोजावी लागते तेथे येते. वर्गात वापरायच्या साहित्यातल्या चुकीची किंमत चौथीतले मूल मोजते.

दुपारनंतर शेवटचे साहित्य उघडले ते जिल्हा परिषदेच्या एका शाळेतील शिक्षकाचे पान. नाव नाही, तारीख नाही, बाजूला कसल्याशा जाहिराती, ‘आणि’ व ‘पाणी’ यांच्या लेखनात मनमानी, अधूनमधून वऱ्हाडी वळणाची वाक्ये. तक्ता भरला तर नापास. विषय होता आपला झीरो माइल. विधान भवनाजवळचा तो वालुकाश्माचा स्तंभ आणि चार घोडे नागपुरात कोणाला माहीत नाहीत, आणि ‘हा भारताचा भौगोलिक मध्यबिंदू’ हे वाक्य तर आम्ही पाळण्यापासून ऐकतो. या शिक्षकाने मुलांना ते वाक्य तपासायला लावले होते. नकाशातून भारताच्या मुख्य भूमीची टोके घ्या: उत्तर अक्षांश ८ अंश ४ मिनिटे ते ३७ अंश ६ मिनिटे, पूर्व रेखांश ६८ अंश ७ मिनिटे ते ९७ अंश २५ मिनिटे. अर्धे करा. उत्तर येते अक्षांश २२ अंश ३५ मिनिटे, रेखांश ८२ अंश ४६ मिनिटे. नागपूर आहे सुमारे २१ अंश ९ मिनिटांवर आणि ७९ अंश ५ मिनिटांवर. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला होता, जो मला सुचला नसता: देशाचा आकार चौकोनी नाही, तर अशा अर्ध्या करण्याने खरा मध्य मिळेल का? नाही, म्हणून पुठ्ठ्याचा नकाशा कापून सुईवर तोलायला सांगितला होता. मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यातले करौंदी हे गाव देशाच्या मध्याचे ठिकाण मानले जाते, हेही दिले होते. ‘ब्रिटिशांच्या वेळच्या भारताचा मध्य असेल’ ही नेहमीची पळवाटही त्यांनी बुजवली होती, कारण तो भारत धरला तरी उत्तर-दक्षिण टोके फारशी हलत नाहीत. स्तंभाजवळच्या दगडावरील हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल ही नावे मुलांनी स्वतः वाचून लिहिली होती आणि त्यावरून हा सर्वेक्षणाचा, अंतरे मोजण्याचा दगड आहे, हे ताडले होते. भारताचे ते महात्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगणघाटला वारले आणि त्यांची कबर तेथेच आहे, हेही त्या पानावर होते. नागपूरच्या किती शिक्षकांना ते ठाऊक असेल, शंकाच आहे.

या पानावर विश्वास ठेवण्यासाठी मला त्या शिक्षकाचे नाव लागलेच नाही. प्रत्येक विधान मी त्याच्या बाहेर जाऊन पाच-दहा मिनिटांत तपासू शकत होते, आणि तसे तपासावे अशाच रीतीने ते लिहिलेले होते. मी ते सरांना वाचायला दिले. त्यांनी पूर्ण वाचले, आकडेमोड कागदावर करून पाहिली आणि म्हणाले, “बाप्पा! मीच मुलांना मध्यबिंदू म्हणून सांगत होतो.” मग थोडे थांबून, “पण शुद्धलेखनाचे गुण तं कापावेच लागतील.”

संध्याकाळी गेलेल्या यादीत पीडीएफ मुख्य विभागात गेली. ‘तिसऱ्या पानावरील टक्केवारी निराधार आहे’ असा शेरा मी अभिप्रायाच्या रकान्यात लिहिला, परंतु तो रकाना शिक्षकांकडे जाणाऱ्या यादीत छापला जात नाही. झीरो माइलचे पान ‘पूरक साहित्य’ या विभागात, शेवटून दुसरे. अकरावा निकष म्हणून ‘मुख्य दाव्याचा मूळ आधार परीक्षकाने स्वतः उघडून पाहिला का’ हा रकाना वाढवावा, असे पत्र मी पाठवले, आणि त्यावर सरांनीही सही केली. त्याला वरून उत्तर आले आहे. सूचना स्वागतार्ह आहे, मात्र या निकषास किती गुण द्यावेत आणि त्यासाठी पुरावा म्हणून काय जोडावे, हे उलट टपाली कळवावे.