पान नको, डहाळी दाखवा

झाड ओळखायला एका पानाचा फोटो का पुरत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तळहातावर ठेवलेल्या एका पानाचा फोटो येतो आणि खाली प्रश्न, ‘हे कुठलं झाड?’ बऱ्याचदा मला सांगता येत नाही, कारण फोटोत पान नसतंच.

कडुनिंबाचं घ्या. आपण ज्याला त्याचं पान म्हणतो ती करवती कडांची, विळ्यासारखी किंचित वाकलेली पट्टी म्हणजे पर्णिका, पानाचा एक तुकडा. खरं पान कुठून सुरू होतं ते डहाळीवरच दिसतं. देठ डहाळीला जिथे चिकटतो, त्या बेचक्यात बारीकसा कोंब असतो. कधी कणीएवढा, कधी त्याहून लहान. पर्णिकेच्या बुडाशी तो नसतो. कोंबाच्या पुढे एका दांड्यावर जे जे आहे ते सगळं मिळून एक पान. हे न पाहता मी कित्येक वर्षं एका बकाणाला, म्हणजे कडुनिंबासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या झाडाला, कडुनिंब म्हणत होतो, तेही ठासून. बकाणाच्या दांड्याला उपदांडे फुटतात आणि पर्णिका त्यांवर येतात. कडुनिंबाच्या मुख्य दांड्यावरच त्या असतात. फजिती फुलांनी केली. कडुनिंबाला पांढरी येतात, याला फिकट जांभळी आली.

तेव्हापासून माझा भरवसा फुलावर जास्त. पान ऊनसावलीप्रमाणे आकार बदलतं, वयाप्रमाणेही. फणसाच्या रोपाची पानं बऱ्याचदा खोल कातरलेली असतात, मोठ्या झाडाची अखंड; त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘हेटेरोफिलस’चा अर्थच ‘वेगवेगळ्या पानांचा’. पुंकेसरांचं तसं नाही. कांचनाच्या दोन जातींची पानं सारखीच दुभंगलेली आणि बोलीतली नावं तर एकमेकांत पार मिसळलेली. पण फूल हातात घेऊन मोजा: बौहिनिया व्हेरिएगाटा या जातीत परागकोश असलेले पुंकेसर सहसा पाच, बौहिनिया पर्प्युरिया या जातीत तीन.

फुलांचा मोसम नसेल तर झाडाखाली बघा. गुलमोहर आणि सोनमोहर पानांवरून चकवतात, पण गुलमोहराची शेंग हातभर लांब नि लाकडासारखी टणक, सोनमोहराची बोटाएवढी, चपटी, तांबूस. वाळलेली एखादी तिथे पडलेली असतेच.

तेव्हा पुढच्या वेळी डहाळीचा फोटो पाठवा, बेचकं दिसेल असा. देठ मोडल्यावर चीक येतो का तेही कळवा. आला तर तो हात डोळ्यांना लावू नका.