मानसिक आजाराचा कलंक मोजताना प्रश्न कुठे फसतो

‘मानसिक आजार असलेल्या माणसाशी तुम्ही वाईट वागाल का?’ असं थेट विचारलं की बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. क्लिनिकल सायकॉलॉजीचे विद्यार्थी तर हमखास. बरोबर उत्तर त्यांना पाठच असतं!

म्हणून प्रसंगवर्णन वापरावं. आठ-दहा ओळींत एका व्यक्तीची झोप, काम, बोलणं लिहायचं. दोन प्रती करायच्या: एकीच्या शेवटी ‘स्किझोफ्रेनियाचं निदान झालं आहे’ हे वाक्य, दुसरीत नाही. बाकी स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही. कोणाला कोणती प्रत, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मग विचारायचं: शेजारी म्हणून चालेल? खोली भाड्याने द्याल? मूल सांभाळायला ठेवाल? दोन प्रतींच्या उत्तरांतला फरक म्हणजे निदानाच्या शब्दाला चिकटलेला कलंक. ही सामाजिक अंतराची, म्हणजे कोणाला किती जवळ येऊ द्याल याची, कल्पना समाजशास्त्रज्ञ बोगार्डस यांच्या १९२५ च्या मोजपट्टीपासूनची.

वर्णनात ‘आरडाओरडा’सारखा एक शब्द शिरला की लोक त्यालाच उत्तर देतात, निदान बाजूलाच राहतं. त्यामुळे आधी पाच-सहा जणांना मोठ्याने विचार करत प्रश्नावली सोडवायला लावा.

या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणातली अडचण वेगळी. वॉर्डात तीव्र अवस्थेतले किंवा पुन्हा पुन्हा दाखल होणारेच रुग्ण दिसतात. बरे झालेले कशाला येतील? त्यातून ‘हे सुधारत नाहीत’ असं मत घट्ट होतं. संशोधक पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन यांनी १९८४ मध्ये हाच दृष्टिभ्रम मांडला. नुसत्या व्याख्यानाने माहिती वाढते, हे मत फारसं हलत नाही. आजारातून सावरलेल्या व्यक्तीला शिक्षक म्हणून बोलवा, आणि विद्यार्थ्यांच्या केस मांडणीचे काही मार्क देणं तिच्या हाती द्या. नाहीतर ती फक्त ‘नमुना’ ठरते.