चोर्ला घाटातून आलात? हायवेला लागायच्या आधी पुढचं चाक फिरवून बघा

बेळगावातून चोर्लामार्गे गोव्याला भाजी नेणाऱ्या पिकअपवाल्यांसाठी हे लिहितोय. जॅक लावता येतो, पाना आणि हवा भरलेली स्टेपनी गाडीत आहे, लोड घेऊन घाट उतरायची सवय आहे, असं धरून चाललोय.

"रस्ता झालाय आता, बिनधास्त जावा," असं मार्केटात चौघांनी सांगितलं. झाला होता तो तुकड्या-तुकड्यांनी. जांबोटीपर्यंत तक्रार नाही. त्यापुढं कणकुंबीपर्यंतचा पट्टा पावसाळ्याच्या शेवटी भयंकर होता. मलप्रभेचा उगमच कणकुंबीत, तिथल्या पावसाबद्दल वेगळं सांगायला नको. खड्ड्यात तांबडं पाणी भरलेलं असतं, म्हणून वीतभर खोल आहे की हातभर, ते कळत नाही. डांबराची डावी कड खचलेली होती. समोरून बस आली की डावं चाक खाली उतरवावंच लागतं आणि परत वर घेताना डांबराची धार थेट रिमवर बसते. माझं डावं पुढचं चाक असं आदळलं की हौद्यातले कोबीचे क्रेट उडाले. उतरून बघितलं तर टायर शाबूत, रिम बाहेरून सरळ. पुढं निघालो. या पट्ट्यात वीसच्या वर जाऊ नका. मागचा कितीही हॉर्न मारू दे.

साखळी, म्हापसा, माल उतरवणं, परतीचा रस्ता, यात सांगण्यासारखं काही नाही.

दुखणं उघडं पडलं ते काकतीच्या पुढं हायवेला, निपाणीला जाताना. घाटात आणि जांबोटी रस्त्यावर गाडी पन्नासच्या वर जातच नाही, त्यामुळं तोवर काही जाणवत नाही. ६५ला स्टेअरिंग थरथरायला लागलं आणि ७५ला हात बधिर झाले. ५०वर आणलं की सगळं शांत. हायवेलगतच्या एका मोठ्या दुकानात गाडी घातली. तक्रार नीट ऐकायच्या आधीच अलाइनमेंटच्या (चाकांची दिशा जुळवायच्या) मशीनवर चढवली. मग चारही चाकांचं बॅलन्सिंग, वजनाचे पैसे ग्रॅमवर वेगळे, न विचारता टायरमध्ये नायट्रोजन. बिल १,९४० रुपये. डाव्या चाकाला आतून ७० ग्रॅम शिसं ठोकलं, पडद्यावर शून्य आलं, "ओके" म्हणाले. संकेश्वरपर्यंत तीच थरथर. मागं वळून जाब विचारला तर म्हणे स्टेअरिंग बॉक्स आणि दोन्ही टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्यांचे सांधे) गेलेत, साडेअकरा हजार लागतील. मी किल्ली घेतली आणि निघालो.

निपाणीत जुन्या रस्त्याला एक वयस्कर पंक्चरवाले मामा आहेत. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर, "कुठं आदळलीस का रे?" डावी बाजू जॅकवर घेतली. चाकाखाली हात घालून रिमच्या आतल्या कडेजवळ विटेवर एक खिळा टेकवला, चाक आणि खिळ्यात दोनेक मिलिमीटर फट ठेवली आणि चाक हातानं सावकाश फिरवलं. अर्ध्या फेरीत फट बंद होऊन खिळा घासायला लागला, उरलेल्या अर्ध्यात बोट जाईल एवढी उघडली. आतली कड चेपली होती. बाहेरून बघून हे कधीच दिसलं नसतं. मामांनी पन्नास रुपये घेतले, तेही मी हातात कोंबले म्हणून.

आता कारण समजून घ्या, कारण यातच सगळे लुटले जातात. बॅलन्सिंगचं मशीन चाकाचा कुठला भाग जड आहे ते सांगतं. चाक गोल आहे का, ते साधं मशीन सांगत नाही. वाकड्या रिमला वजनं ठोकून शून्य आणता येतं, पण रस्त्यावर ते चाक प्रत्येक फेरीला गाडी उचलतं आणि आपटतं. चाक फिरवताना फटीत एक-दीड मिलिमीटरचा फरक चालून जातो, त्याच्या वर गेला की वजनाचा उपयोग नाही. एकाच चाकाला खूप वजन लागलं तर तिथंच थांबवा आणि ते चाक फिरवून दाखवायला लावा. आणखी एक: शून्य आल्यावर मशीनवरचं चाक ढिलं करून अर्धा फेरा फिरवून परत आवळायला सांगा आणि पुन्हा मोजायला लावा. पाच-दहा ग्रॅमच्या वर फरक आला तर चाक मशीनवर मधोमध बसलेलंच नाही, मधल्या भोकाचा गंज काढला नसेल किंवा चाक मधोमध धरणारा शंकू (कोन) चुकीचा असेल. "टाइम नाही" म्हणणाऱ्याकडे पैसे देऊ नका.

अलाइनमेंटनं थरथर जात नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एका कडेनं खात असेल, तर अलाइनमेंट. थरथरीसाठी आधी तेच करा म्हणणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा लुबाडतोय.

दुकानात जायच्या आधी चाकं धुवा, आतूनसुद्धा. जांबोटी बाजूचा तांबडा चिखल किंवा चिकोडी-गोकाक बाजूची काळी माती रिमच्या आत वाळून बसते आणि तेवढ्यानंच चाकाचं बॅलन्स जातं. मग संशयाचं चाक मागं टाका, मागचं पुढं घ्या. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली गेली तर दोषी ते चाकच, बाकी काही बदलू नका. चाकं अदलाबदल करूनही सीटखालचा घरघराट तसाच राहिला, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढला, तर प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे आणि मधलं बेअरिंग बघा. फक्त ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग हललं तर पुढच्या डिस्क. चोर्ला उतरताना लोड घेऊन पायब्रेकवरच राहणाऱ्यांना हा आजार हटकून होतो, दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. तापलेल्या चाकावर पाणी मारू नका.

जॅकवर असतानाच चाक वर-खाली धरून हलवा: खेळ (ढिलेपणा) असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडं धरून हलवा: खेळ असेल तर टाय रॉड एंड. माझ्या गाडीत दोन्हीकडं तसूभर खेळ नव्हता आणि तरी साडेअकरा हजार मागितले होते. टायरवर हात फिरवा, कुठं फुगवटा लागला तर आतले पट्टे सुटलेत, तो टायर त्याच दिवशी काढा. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर) पुढं घालू नका, कुणी काहीही सांगो.

मामांनी स्टेपनी पुढं चढवली. तवंदी घाट ओलांडून संकेश्वरला लागलो, ८०वर गेलो आणि स्टेअरिंग दोन बोटांत राहिलं. गाडी नवी घेतल्यासारखी पळत होती, मी एकटाच केबिनमध्ये मोठ्यानं ओरडलो.

चेपलेली रिम तापवून ठोकून देणारे भेटतील. तडा नसेल आणि फरक थोडा असेल तर मागच्या चाकाला चालवा. तडा असेल तर वेल्डिंग नको, लोड घेऊन घाटात ती फुटते. चाक बदलल्यावर नट समोरासमोरचे आवळा आणि शंभरेक किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा पाना लावा. मी हत्तरगीच्या टोलआधी थांबून लावला, एक नट पाव फेरा फिरला.