तपासणीच्या दिवशी एक पोरगं घरी ठेवलं

हे लिहू की नको असा महिनाभर विचार चालू होता, कारण यात चूक माझीच आहे. पण सध्या दोन शिक्षक भेटले की एकच विषय निघतो, वांड पोरांचं काय करायचं. छडी गेली, शाळेतून काढता येत नाही, मग आमच्या हातात राहिलं काय. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय.

यवतमाळ जिल्ह्यातलं एक खेडं, नाव सांगत नाही. जिल्हा परिषदेची पहिली ते सातवी शाळा, शिक्षक दोन. ज्यांच्याकडे मुख्याध्यापकाचा चार्ज आहे ते सर पहिली ते चौथी घेतात, पाचवी सहावी सातवी माझ्याकडे, एकाच खोलीत तीन रांगा. शिक्षण हक्क कायद्यात सहावीपासून वर वर्गाला किमान एक शिक्षक लिहिलाय, त्यातही भाषेचा वेगळा, गणित-विज्ञानाचा वेगळा, सामाजिक शास्त्राचा वेगळा. आमच्याकडे तिन्ही मीच आणि वरून पाचवी.

डिसेंबरात तपासणीची तारीख आली. तारीख आली की शाळेत काय होतं ते माहीतच आहे, रजिस्टरं लिहून काढा, पोषण आहाराचा हिशोब जुळवा, भिंती धुवा. आणि पोरांकडून वाचन करून घ्या, कारण येणारा अधिकारी कोणालाही उभं करून वाचायला लावतो. म्हणून मी आठ दिवस आधीपासून रोज एकेकाला उभं करून मोठ्यानं वाचायला लावत होतो, तिन्ही वर्गांसमोर.

सातवीत एक पोरगं आहे. आईबाप पुण्याकडे बांधकामावर, हा आजीजवळ राहतो. अंगानं मोठा, खेळात एक नंबर, पण वाचन दुसरीचं, जोडाक्षर आलं की थांबतो. त्या दिवशी त्याला उभं केलं, परिच्छेद सातवीचा. तीन शब्द झाले, चौथ्यावर अडकला, मी म्हटलं वाच, परत अडकला. पाचवीच्या रांगेतला एक छोटा फिसकन हसला, मग सगळेच हसले. मी डस्टर टेबलावर आपटून गप्प केलं आणि पुढच्याला उभं केलं. माझ्यासाठी तो विषय तिथंच संपला होता.

मधल्या सुटीत त्यानं कंपासपेटीतलं कर्कटक काढून त्या छोट्याच्या हातावर ओढलं, कोपरापासून खाली चार बोटं लांब. रक्त पाहून मीच हादरलो, रुमाल बांधला, गाडीवर बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं. तीन टाके आणि टीटीचं इंजेक्शन. ते लेकरू रस्ताभर माझ्या पाठीला चिकटून होतं, रडलं नाही, फक्त एकदा म्हणालं, "सर, माह्या बाबाले नोका सांगू."

बाबाला सांगावं लागलंच. तो शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य, समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, म्हणजे त्याच्या शब्दाला वजन आहे. आणि त्याचा राग खोटा नव्हता हे मला आधी सांगायचंय, कारण आपण असल्या चर्चेत ज्याला लागलं त्या लेकराला लवकर विसरतो. तो म्हणाला, "डोळ्यात गेलं असतं तं? माह्यासमोर दोन देऊन द्या त्याले, नाही तं टीसी देऊन मोकळे व्हा."

दोन्ही करता येत नव्हतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारता येत नाही, मानसिक त्रासही देता येत नाही, आणि कलम १६ नं आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईस्तोवर कोणत्याच मुलाला काढता येत नाही. २०१९ ला कायद्यात बदल झाला, पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागं ठेवायची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकायची मुभा तेव्हाही दिली नाही. हे मी त्या बापाला समजावून सांगितलं. आणि संध्याकाळी स्वतःच दुसरी वाट काढली, मुलाच्या आजीच्या घरी जाऊन म्हटलं, आजी, पथक येऊन जाईपर्यंत याला घरीच ठेवा, वातावरण तापलंय. आजी लगेच हो म्हणाली, कापसाची वेचणी सुरू होती, तिलाही हात पाहिजेच होता. मला वाटलं मी सगळ्यांचं भलं केलं.

तपासणीच्या दिवशी शिक्षण खात्याच्या विस्तार अधिकारी मॅडम आणि केंद्रप्रमुख आले. सकाळी आमचे सर म्हणाले होते की हजेरी भरून टाका सगळ्यांची, एकाचं काय. मी गैरहजर मांडली, त्या एका गोष्टीचं आज बरं वाटतं. मॅडमनी हजेरीपट उघडला, त्या नावावर बोट ठेवलं, सलग चार दिवस गैरहजर, आजारी आहे काय? मी म्हणणार होतो की हो मॅडम, ताप आहे. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सहावीतली एक पोरगी, पहिल्या रांगेतली, अगदी मदत केल्यासारखी म्हणाली, "नाही मॅडम, सरनंच सांगतलं त्याच्या आजीले, पाहुणे जाऊ देत मंग पाठवजा म्हून."

वर्गात चिडीचूप. पोरं माझ्याकडे बघत होती. मॅडम ओरडल्या नाहीत, पोरांना बाहेर खेळायला पाठवलं आणि मला बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, टाके, बाप, टीसीची मागणी. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यानं का मारलं?

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. एवढ्या दिवसांत मी दवाखान्यात गेलो, बापाशी बोललो, आजीशी बोललो, मुख्याध्यापकांशी बोललो, त्या पोराला मात्र एकदाही विचारलं नाही. तिथं खुर्चीवर बसल्या बसल्या मला ते वाचन आठवलं, आणि ते हसणं. ते वाचन मी याच तपासणीसाठी घेत होतो बाप्पा.

मॅडमनी शेरेबुकात लिहिलं की विद्यार्थी शिक्षकाच्या सूचनेवरून गैरहजर, कलम १६ चा भंग होणार नाही याची दक्षता घ्यावी. मी सही केली. मग मी म्हटलं, मॅडम, खालीच अजून एक ओळ लिहा, सात वर्गांना दोन शिक्षक आहेत, सातवीतल्या पोराला वाचायला शिकवायला वेगळा वेळच उरत नाही, आणि असं पोरगं रागावलं तर त्याच्याशी बोलायला शाळेत तिसरं माणूस नाही. त्या म्हणाल्या की पद भरणं माझ्या हातात नाही, पण लिहिते. लिहिलं. माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत तपासणीच्या वहीत आमची अडचण लिहिली गेली ती पहिल्यांदाच, नाहीतर आपण त्या दिवशी अडचण लपवण्यातच सगळी ताकद घालतो, आणि मी तर जिवंत पोरगंच लपवलं होतं. शाळेत आलेला माणूस जर फक्त चुका मोजायला येतोय असं वाटत राहिलं तर अवघड पोरं अशीच त्या दिवशी घरी राहणार, आणि गावात दुसरी शाळा नाही, म्हणजे घरी म्हणजे वावरात.

गाडी गेल्यावर मी वावरात गेलो. तीन वाजले असतील. आजी कापसाच्या एका ओळीत, तो शेजारच्या ओळीत, कमरेला ओटी बांधलेली. वाळलेल्या बोंडाची टोकं लागून नखांच्या कडा सोलल्या होत्या, दोन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मला पाहून उभा राहिला, ओटीतला कापूस सांभाळत.

"पाहुणे गेले काय सर?"

मी म्हटलं गेले. मग विचारलं, का मारलंस रे? बराच वेळ तो बोंडातला कापूस ओढत राहिला, मग खाली बघूनच म्हणाला, "तुमीन वाचाले लावलं न."

छोट्याचं नाव नाही घेतलं त्यानं. माझं घेतलं.

शनिवारी समितीची बैठक घेतली. तो बाप ऐकायला तयार नव्हता, अर्धा तास बोलला, मी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी मी सगळ्यांसमोर वाचनाचं सांगितलं, माझी चूकही सांगितली. त्याला ते पटलं असं मी म्हणणार नाही. तो एवढंच म्हणाला की माह्या पोट्ट्याजवळ त्याले बसवायचं नाही आणि कंपासपेटी तुमच्याजवळ राहील. दोन्ही मान्य केलं. आता शाळा भरायच्या आधी अर्धा तास मी त्या सातवीतल्या पोराला एकट्याला बसवतो, दुसरीचं पुस्तक, खोलीचं दार लोटून. आठवड्यातून चार दिवस येतो, वेचणी असली की नाही येत.

त्याच्या बापाला पुण्याला फोन लावला होता, संक्रांतीला येतो म्हणाला.