३०७० फेऱ्यांच्या आसपास येणारा झटका

वाइंडिंग मशीनची तक्रार माझ्याकडे आली ती निदानासकटच आली. बारीक तांब्याची तार बॉबिनवर गुंडाळणाऱ्या या यंत्राची २४ व्होल्टची डीसी मोटर मिनिटाला साधारण ३०५० ते ३०८० फेऱ्यांच्या वेगावर असताना दोन-तीन मिनिटांनी एकदा क्षणभर मंदावत असे, तार सैल पडत असे आणि मोटर पुन्हा वेग पकडू लागली की तीच सैल तार एकदम ताणली जाऊन कधीकधी तुटत असे. २५०० किंवा ४००० फेऱ्यांवर यंत्र तासन्‌तास चालवले तरी काही होत नसे. त्रास एकाच वेगाला होतो, त्याअर्थी तो सांगाड्याचा अनुनाद, म्हणजे ठरावीक वेगाला कंपने वाढत जाण्याचा प्रकार, असला पाहिजे, असे यांत्रिकी विभागातील सहकाऱ्यांचे म्हणणे होते. ते म्हणणे अजिबात पोरकट नव्हते; ठरावीक वेगालाच थरथरणारी यंत्रे आम्ही सर्वांनीच पाहिलेली होती.

वेगनियंत्रणाची रचना नेहमीचीच होती. १६ मेगाहर्ट्झवर चालणारा एटीमेगा ३२८पी हा आठ बिटांचा मायक्रोकंट्रोलर २० किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएमने (भराभर चालू-बंद होणाऱ्या आणि रुंदी बदलता येणाऱ्या पल्सने) मॉस्फेट, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, चालवत असे. मोटरच्या दांड्यावर फेऱ्या मोजण्यासाठी १०० खाचांची एन्कोडर चकती होती आणि तिच्या प्रत्येक खाचेमागे एक पल्स येऊन इंटरप्टमधील (मुख्य काम क्षणभर थांबवून चालणाऱ्या छोट्या कोडमधील) मोजणीचे व्हेरिएबल एकाने वाढत असे. मुख्य लूप दर ५० मिलिसेकंदांनी तो आकडा वाचून शून्य करी आणि त्यावरून पीआयडीचे (अपेक्षित आणि प्रत्यक्ष वेगातल्या फरकावरून दुरुस्ती ठरवणारे) गणित करून पीडब्ल्यूएमची रुंदी ठरवी. ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे ५००० पल्स, म्हणजे एका वाचनात २५०. हे आकडे मी वहीत मांडून ठेवले होते, पण त्यातला अर्थ तेव्हा दिसला नाही.

मी पोहोचण्यापूर्वी बरेच उपाय करून झाले होते. सांगाड्याला आडवे आधार बसवले होते, पट्ट्याचा ताण बदलला होता, पीआयडीचा गेन, म्हणजे फरकाला प्रतिसाद देण्याचा जोर, निम्म्यावर आणला होता आणि वेगाच्या आठ वाचनांची सरासरी घेणारा फिल्टर प्रोग्रॅममध्ये घातला होता. आधारांनी काही फरक पडला नाही. गेन आणि फिल्टर यांनी झटका सौम्य झाला खरा, पण बॉबिन भरत जाऊन भार वाढू लागला की मोटर सावकाश सावरत असे आणि तारेचे थर असमान पडत असत. कारण कळण्यापूर्वी फिल्टर घालणे मला मुळीच पसंत नाही, कारण त्यामुळे बिघाड बरा होत नाही, फक्त त्याची खूण पुसली जाते. म्हणून पहिले काम म्हणून मी फिल्टर काढला आणि गेन पूर्वीच्या जागी नेला. झटका पहिल्यासारखाच जोरदार येऊ लागला, तेव्हा उपस्थितांच्या चेहऱ्यावर नाराजी होती, पण मला तोच हवा होता.

माझा स्वतःचा पहिला संशय विद्युत गोंगाटावर होता. ब्रशच्या ठिणग्यांमुळे एन्कोडरच्या तारेत खोट्या पल्स शिरतात आणि नियंत्रकाला वेग आहे त्याहून अधिक वाटतो, हे या क्षेत्रातले जुने दुखणे आहे. मात्र मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर होते, एन्कोडरची केबल शील्ड केलेली होती आणि ऑसिलोस्कोपवर पल्सच्या कडा स्वच्छ दिसत होत्या. मग स्कोपच्या एका वाहिनीवर पीडब्ल्यूएम आणि दुसरीवर एन्कोडर लावून, पीडब्ल्यूएम थांबताच चित्र गोठेल असा ट्रिगर बसवला. चित्र मिळाले आणि अनुनादाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. झटक्याच्या आधी पल्स अगदी एकसारख्या, सुमारे १९५ मायक्रोसेकंदांच्या अंतराने येत होत्या. मग पीडब्ल्यूएम पूर्ण बंद पडला, एक वाचनकाळ म्हणजे ५० मिलिसेकंद बंदच राहिला, आणि त्यानंतर पल्समधले अंतर वाढू लागले. म्हणजे वेग ढळला म्हणून नियंत्रक गोंधळला असे नव्हते, तर नियंत्रकाने वीज तोडली म्हणून वेग ढळला होता. खोट्या पल्सही तारेत कुठे दिसत नव्हत्या.

आता नियंत्रकाला नेमके काय दिसत होते, हे पाहणे भाग होते. प्रत्येक वाचन सिरियल पोर्टवर छापत बसलो असतो तर लूपचा वेळच बदलला असता, त्यामुळे शेवटची काही वाचने एका वर्तुळाकार बफरमध्ये साठवायची आणि मोठी उडी दिसली की काही वाचनांनंतर साठवण थांबवून ती निवांत बाहेर काढायची, अशी सोय केली. या चिपमध्ये रॅम केवळ २ किलोबाइट असली तरी एवढ्या कामाला ती पुरते. बाहेर आलेली रांग अशी होती: २५४, २५५, २५५, ५११, आणि पुढे मंदावलेल्या मोटरचे कमी आकडे. पुढच्या झटक्याच्या वेळी मधला आकडा ५११. त्यापुढच्या वेळीही ५११.

गोंगाट असा शिस्तीने वागत नाही. त्याने कधी तीन पल्स वाढवल्या असत्या, कधी चाळीस. प्रत्येक वेळी नेमक्या २५६ वाढवणे त्याला जमणारे नाही. २५६ हा आकडा बाइटच्या सीमेचा आहे; आठ बिटांच्या एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. मोजणीचे व्हेरिएबल सोळा बिटांचे होते आणि आठ बिटांचा प्रोसेसर असे व्हेरिएबल एका दमात वाचूच शकत नाही. कंपायलरने तयार केलेली असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांची यादी, उघडून पाहिली, तेव्हा खालचा बाइट उचलणारी एक सूचना आणि लगेच वरचा बाइट उचलणारी दुसरी, अशा दोन सूचना समोर दिसल्या. व्हेरिएबलमध्ये २५५ असताना खालचा बाइट वाचला तर तो २५५ मिळतो. त्याच क्षणी, दुसरी सूचना चालण्याआधी, एन्कोडरचा इंटरप्ट आला तर मोजणी २५६ होते, म्हणजे वरचा बाइट १ आणि खालचा शून्य. प्रोसेसर परत येऊन वरचा बाइट वाचतो आणि जुना २५५ व नवा १ जोडून ५११ बनवतो. गाडीचा अंतरमापक १९९ वरून २०० वर सरकत असताना कोणी शेवटचे दोन आकडे आधी आणि पहिला आकडा नंतर वाचला, तर त्याला २९९ मिळावेत, तसाच हा प्रकार. नियंत्रकाच्या लेखी मोटर अचानक दुप्पट वेगाने धावत होती आणि वीज तोडण्याचा त्याचा निर्णय त्या माहितीवर अगदी योग्य होता.

वेगाचे कोडेही यातच सुटले. ५० मिलिसेकंदांत २५६ पल्स म्हणजे मिनिटाला ३०७२ फेऱ्या. त्या वेगाच्या आसपासच वाचनाच्या क्षणी मोजणी २५५ आणि २५६ यांच्या उंबरठ्यावर असते. पुढची सीमा ५१२ची, पण त्यासाठी ६१४४ फेऱ्या लागल्या असत्या आणि हे यंत्र ४५०० च्या पलीकडे जातच नव्हते. झटका एवढा विरळ का, हेही हिशेबात बसले: १६ मेगाहर्ट्झवर त्या दोन सूचनांमधली फट सुमारे ०.१२५ मायक्रोसेकंदाची, आणि पल्समधले अंतर १९५ मायक्रोसेकंदांचे. म्हणजे साधारण दीड हजार वाचनांत एखादी पल्स त्या फटीत सापडणार, आणि तीही नेमकी २५६ वी असावी लागणार. सेकंदाला वीस वाचने धरली तर दोन-तीन मिनिटे होतात.

हे सगळे कागदावर पटण्यासारखे होते, तरी यांत्रिकी सहकाऱ्यांना असेम्ब्ली दाखवून काही उपयोग नव्हता. म्हणून मी प्रोग्रॅममधला वाचनकाळ ५० वरून ४० मिलिसेकंद केला आणि आता झटका ३८४० फेऱ्यांवर येईल, असे यंत्र सुरू करण्याआधीच सांगून ठेवले. ३०७० वर यंत्र शांत राहिले आणि ३८४० च्या जवळ नेताच थोड्या वेळात झटका आला. ६० मिलिसेकंद केल्यावर तो २५६० वर गेला. प्रोग्रॅममधला एक आकडा बदलून लोखंडी सांगाड्याचा अनुनाद सरकत नाही, एवढे सर्वांनाच मान्य झाले. बिघाड काढून टाकण्यापूर्वी तो वाढवून पाहण्याचीही मला सवय आहे, त्यामुळे चाचणीच्या प्रतीत दोन्ही बाइट स्वतंत्रपणे वाचून त्यांच्यामध्ये १० मायक्रोसेकंदांचा मुद्दाम विलंब घातला, तेव्हा ३०७० वर मोटर दर काही सेकंदांनी ठेचकाळू लागली. यानंतर शंकेला जागा उरली नाही.

प्रत्यक्ष दुरुस्ती काही ओळींची होती. मोजणी वाचून शून्य करण्याएवढ्या वेळापुरते इंटरप्ट बंद करायचे आणि त्यांची आधीची स्थिती परत आणायची. एव्हीआरच्या (ही चिप ज्या कुटुंबातली त्याच्या) सी लायब्ररीत यासाठी तयार अ‍ॅटॉमिक ब्लॉक मिळतो. शून्य करण्याची क्रियाही दोन टप्प्यांतच होत असल्याने तीही त्याच ब्लॉकमध्ये घेतली. तेवढ्यात एखादी पल्स आली तरी ती हरवत नाही, कारण इंटरप्टचा फ्लॅग (पल्स आल्याची नोंद ठेवणारा बिट) उभा राहतो आणि बंदी उठताच त्याची दखल घेतली जाते. पल्स थेट टायमर १ च्या बाह्य इनपुटला देऊन हार्डवेअरकडूनच मोजणी करून घेण्याचा पर्यायही होता. त्या टायमरचे सोळा बिट वाचताना खालचा बाइट उचलताक्षणी वरचा बाइट एका तात्पुरत्या रजिस्टरमध्ये पकडून ठेवला जातो, म्हणजे चिप घडवणाऱ्यांनी हा धोका तिथे आधीच ओळखलेला आहे. पण त्यासाठी बोर्डवरची जोडणी बदलावी लागली असती, म्हणून तो पर्याय सोडला.

व्हेरिएबल व्होलटाइल म्हणून घोषित केलेले होते, आणि मूळ प्रोग्रॅम तपासणाऱ्यांनी त्यावरच समाधान मानले असावे. त्या शब्दाने कंपायलर दर वेळी मेमरीतूनच आकडा आणतो, तो दोन हप्त्यांत आणू नये अशी हमी त्यात नाही. शिवाय हा प्रोग्रॅम आधी ३२ बिटांच्या बोर्डवर लिहिला गेला होता, जिथे सोळा बिट एकाच सूचनेत वाचले जातात. तिथल्या चाचण्यांत ५११ कधी दिसलाच नसता.

झटका थांबल्यावर त्याच नजरेने बाकीचा प्रोग्रॅम वाचला. सिरियल इंटरप्टमधून येणारा अपेक्षित वेगाचा आकडाही सोळा बिटांचा होता आणि मुख्य लूपमध्ये तसाच उघड्यावर वाचला जात होता, तो अ‍ॅटॉमिक ब्लॉकमध्ये घेतला. आणीबाणीच्या थांब्याचा फ्लॅग एका बाइटचा होता. त्याला हात लावण्याचे कारण नव्हते.