चैत्याखालचा नहपान

रविवार, रात्र

आम्ही जुने मित्र जमलो की बोलणं जोगळटेंभीच्या नाण्यांवर येतंच. नाशिकजवळ १९०६ साली सापडलेला हा साठा. शक क्षत्रप राजा नहपान याची १३,०००हून जास्त चांदीची नाणी, आणि त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने मारलेला आपला ठसा.

असं नाणं वाचताना उजेड बाजूने, जवळजवळ आडवा पडू द्यावा. वरून दिवा धरला तर नवा चैत्य, म्हणजे सातकर्णीच्या ठशातली कमानींच्या टेकडीची खूण, तेवढा दिसतो. भिंगाखाली नाणं हळूहळू फिरवत गेलं की चैत्याच्या कमानींआडून नहपानाच्या केसांची रेघ, मग नाक-हनुवटी उमटते. काठाला ग्रीक अक्षरांचे तुकडे शोधावेत, आणि मागे वज्र-बाणाची खूण. घाव सगळीकडे सारखा बसत नाही; जिथे हलका पडला तिथे नहपान उरला. म्हणूनच असं नाणं चिंचेने वा पावडरीने घासू नये. पुसट रेघाच आधी जातात.

नाणी वितळवली असती तर काहीच उरलं नसतं. पण त्याला भट्टी हवी, कोळसा हवा, वेळ हवा, शिवाय थोडी चांदी वाया जाते. जेमतेम दोन ग्रॅमच्या नाण्यावर नवा ठसा ठोकणं सोपं. चलन थांबू न देता नाव बदलायचं होतं, असं आम्हाला वाटतं.

खरं कोडं आहे नाशिकच्या पांडवलेण्यांत. तिसऱ्या लेण्यातल्या लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, सातकर्णीला, क्षहरात वंश, म्हणजे नहपानाचं घराणं, निःशेष करणारा म्हणते. आणि थोड्याच अंतरावर, दहाव्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आजही आहेत! त्यांतल्या एकात ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) ठेव आहे: २,००० एका विणकर श्रेणीकडे, म्हणजे विणकरांच्या संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि किरकोळ खर्च. हा लेख छिन्नीने फोडला असता तर देणं-घेणंच पुसलं गेलं असतं.

सातकर्णीलाही हे नाव टाळता आलं नाही. अठराव्या वर्षाच्या आज्ञेत त्याने भिक्षूंना २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत दिलं, तेव्हा ओळख द्यावी लागली ती ‘आजवर उषवदाताकडे असलेलं’ अशीच. चोविसाव्या वर्षी पुन्हा आज्ञा निघाली: ते शेत कसलं जात नाही, गावही ओस आहे, म्हणून नगराच्या हद्दीवरच्या राजशेतातली १०० निवर्तनं द्यावीत.