तुम्ही विचारलंत म्हणून : हे २० कुठून आणलंस?

आमच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत पालक नियमांची पुस्तिका चाळतात आणि त्यातलं कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मुलं शिकायला आलीत की सैन्यात भरती व्हायला?" नखं किती वाढवायची, केस कुठवर ठेवायचे, फोन कुठे ठेवायचा, सगळंच लिहिलेलं. पहिल्या वर्षाची मुलंही हेच विचारतात, फक्त माझ्या पाठीमागे. बरीच वर्षं नर्सिंग शिकवतेय, पण तोंडी दिलेलं उत्तर दर वेळी अर्धवटच राहतं.

नखांचं आणि बोटांत घालायच्या अंगठ्यांचं पटकन सांगते. त्यांच्याखाली जंतू राहतात, हात कितीही धुतले तरी. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरांनी प्रसूतिगृहात हात क्लोरीनच्या द्रावणात धुण्याची सक्ती केली, तेव्हा ती डॉक्टरांबरोबर विद्यार्थ्यांवरही होती, कारण शवविच्छेदन करून तेच हात घेऊन ते बाळंतिणींकडे जात. सक्तीनंतर मृत्यू झपाट्याने घटले. तरी कुरकुर झालीच. तेव्हा आमच्या मुलांची कुरकुर मी फारशी मनावर घेत नाही. साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून धुवायला लावलं की बहुतेकांचं १५ व्या सेकंदाला संपलेलं असतं.

वेळेचंही तसंच. वर्गात दहा मिनिटं उशीर झाला तर दहा मिनिटांचं लेक्चर बुडतं. वॉर्डात तीच दहा मिनिटं ओव्हर देण्याघेण्याची असतात, म्हणजे आधीच्या पाळीने पुढच्या पाळीला खाटेखाटेवरच्या पेशंटची खबर सांगायची. चार नंबरला रात्री ताप चढला होता, सात नंबरला पेनिसिलीनची ॲलर्जी आहे, अकरा नंबरला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंय. हे न ऐकता जी मुलगी आत आली, ती अकरा नंबरला चहा देऊ शकते. वॉर्डाचे बुडालेले तास म्हणूनच तासाला तास भरून घेतात.

अभ्यासाबद्दल पालकांचा प्रश्न वेगळा असतो. "बाकीच्या पेपरांत निम्म्या मार्कांवर पास, मग औषधाच्या गणितालाच नव्वद, शंभर टक्के का?" गणित तसं शाळेतलंच आहे. द्यायचे ७.५ मिलिग्रॅम, अँप्यूलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुपीत, २ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, म्हणजे दीड मिलिलिटर ओढायचं. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो, किंवा दहावा हिस्सा. म्हणून .५ लिहिलं तरी मार्क कापते, ०.५ असंच हवं. आणि ५.० लिहिलेलंही चालत नाही, कारण घाईत टिंब दिसत नाही आणि त्याचे ५० होतात. दहापैकी सहा गणितं बरोबर आली म्हणजे पास, हे वॉर्डात कसं लावायचं ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

नक्कल हा आमचा जुना आजार. केअर प्लॅन, म्हणजे एकेका पेशंटची माहिती आणि त्याची शुश्रूषा कशी करायची याचं टिपण, मैत्रिणीच्या फाइलवरून उतरवतात. एकदा एका साठीच्या आजोबांच्या केअर प्लॅनमध्ये 'मासिक पाळी नियमित' असं सुवाच्य अक्षरात वाचलं. हसू आवरेना, पण मार्क शून्यच दिले. ज्या माणसाजवळ तीन दिवस बसायचं होतं, त्याच्याजवळ ती बसलीच नव्हती.

खरं सांगायचं तर या सगळ्या नियमांत मला एकच महत्त्वाचा वाटतो: जे केलं नाही ते लिहायचं नाही. हा मी पुस्तकातून शिकले नाही.

दुसऱ्या वर्षाला असताना सकाळच्या ड्यूटीत टीपीआर घ्यायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. ताप थर्मामीटर सांगतो. नाडी हाताला लागते. श्वास मात्र मिनिटभर नुसतं बघत मोजायचा असतो, तोही पेशंटला न कळता, कारण कळलं की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही आणि नजर छातीवर ठेवायची. तीस पेशंट म्हणजे नुसत्या श्वासाला अर्धा तास. मोठ्या माणसाचा श्वास साधारण १२ ते २० असतो हे पाठ होतं. मी ओळीने २०, १८, २०, २० असं भरत गेले.

इन्चार्ज सिस्टरनी चार्ट पाहिला आणि मला एका खाटेजवळ नेलं. निमोनियाचे काका होते, ताप उतरलेला. सिस्टरनी स्वतःचं घड्याळ माझ्या हातात दिलं. "मोज." मी मोजले. ३२ भरले. तब्येत बिघडायला लागते तेव्हा श्वास बऱ्याचदा सगळ्यांत आधी वाढतो, बाकीचे आकडे मागाहून हलतात, हे मी परीक्षेत लिहून आले होते. सिस्टरनी डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लागला, आणि मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "हे २० कुठून आणलंस?"

मी खोडायला ब्लेड शोधू लागले. त्यांनी अडवलं. आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरा आकडा, वेळ आणि सही. मग बाकीचे एकोणतीस पुन्हा मोजायला लावले.

त्या ओरडल्या असत्या तर पुढच्या वेळी मी २० ऐवजी २२ लिहून भागवलं असतं. म्हणून शिस्तीच्या नावाखाली चालणाऱ्या काही गोष्टी मला पटत नाहीत. सीनियर दिसली की उभं राहणं, पेशंटसमोर मुलीला झापणं, टोपीच्या घडीवरून दंड. यातून मुली भित्र्या होतात, आणि भित्री मुलगी चूक लपवते. वॉर्डात फोन नको हा नियम मात्र मी सोडणार नाही. फोटोत नाव नसलं तरी खाटेचा नंबर, हातावरचं गोंदण, शेजारची बाई एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. पेशंटबद्दल लिफ्टमध्ये बोलायचं नाही, तेही त्याचसाठी.

गेल्या महिन्यात एक मुलगी दहाच्या सुमाराला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओढणीचं टोक नसल्यामुळे युनिफॉर्मचं बटण पिळत होती. "मॅडम, आठच्या खान्यात एका आजींचं बीपी लिहिलंय, पण घेतलं नव्हतं." किती लिहिलंस म्हटलं, तर १२०/८०. आम्ही दोघी गेलो, दंडाला बीपीचा पट्टा बांधला, तिने घेतलं. १२४/७८ निघालं. तिने माझ्याकडे पाहिलं, जवळपास तेच तर आहे, अशा आशेने. मी पेन तिच्या हातात दिलं. तिने आडवी रेघ मारली, १२४/७८ लिहिलं, वेळ दहा वाजून पाच मिनिटं, खाली सही.